जेलच्या मण्यात जिवंत पेशी, आणि तिच्या श्वासाचा प्रश्न

टाइप १ मधुमेहात शरीरातून एकाच प्रकारच्या पेशी नाहीशा होतात. आपल्या स्वादुपिंडात सुमारे दहा लाख बारीक पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली त्यांचे पहिले वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. एकेक बेट सरासरी १५० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढे. त्यात हजार-दोन हजार पेशी असतात. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर क्षणाक्षणाला जोखतात आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडतात. सगळी बेटे एकत्र केली तरी ती स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतील. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा या बीटा पेशींना परके समजून मारते. उरलेले स्वादुपिंड आपले पचनाचे काम करत राहते.

मग नव्या पेशी घालाव्यात, एवढे तर कुणालाही सुचेल. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर ते करून दाखवले. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून बेटे सुटी केली, यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून आत सोडली, आणि सातही जणांना बाहेरून इन्सुलिन घ्यायची गरज उरली नाही. पण त्यासाठी एका रुग्णामागे बहुधा एकाहून अधिक दाते लागले. शिवाय परक्या पेशी टिकाव्यात म्हणून रोगप्रतिकारक यंत्रणा दाबणारी औषधे कायमची मागे लागली. या औषधांमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो, काही कर्करोगांची शक्यता वाढते. एवढे करूनही पाच वर्षांनंतरच्या पाहणीत बहुतेकांना पुन्हा थोडेफार इन्सुलिन घ्यावे लागत होते. ज्यांची साखर पूर्वसूचना न देता जीवघेणी खाली जाते, त्यांच्यासाठी हा उपचार खरोखर मोलाचा आहे. दहा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची सुई चुकवण्यासाठी ही औषधे सुरू करावीत, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

औषधे नकोत आणि पेशी तर परक्याच, अशा वेळी उरतो तो मार्ग म्हणजे पेशींना अशा आवरणात ठेवायचे, की साखर, ऑक्सिजन आणि अन्न आत जावे, इन्सुलिन बाहेर यावे, पण मारेकरी पेशींना आतल्या पेशीला हात लावता येऊ नये. हे आवरण म्हणजे मऊ, पाणीदार जेलचा मणी. उन्हाळ्यात सब्जा भिजवला की काळ्या दाण्याभोवती पारदर्शक गुळगुळीत थर धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली जेलमधले बेट बरेचसे तसेच दिसते, फक्त मधला ठिपका काळ्याऐवजी पिवळसर आणि सगळा मणी त्याहून बराच लहान.

कल्पना जुनी आहे. १९५७ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँग याने वसतिगृहाच्या खोलीतच जुळवाजुळव करून हिमोग्लोबिनभोवती पातळ पापुद्रे तयार केले आणि त्यांना कृत्रिम पेशी म्हटले. मधुमेहाच्या बाबतीत खरी खळबळ उडाली ती १९८० साली. फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी उंदरांची बेटे अल्जिनेट नावाच्या जेलमध्ये बंद करून मधुमेही उंदरांच्या पोटात सोडली. उघडी बेटे जेमतेम आठवडाभर टिकत. मण्यांतली बेटे दोन ते तीन आठवडे साखर ताब्यात ठेवून होती. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षे झाली. एवढ्या काळात माणसासाठी हा उपचार बाजारात का आला नाही, हेच मला या लेखात सांगायचे आहे. माझ्या मते लपवण्याचे कोडे बऱ्याच अंशी सुटले होते. अडले ते श्वासापाशी.

आधी अल्जिनेटबद्दल थोडे, कारण ते तुम्ही कुठे ना कुठे चाखलेले आहे. कवळीचे माप घ्यायला दाताचे डॉक्टर गार लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरायला लावतात, तो लगदा बहुतेक वेळा अल्जिनेटचाच असतो. जळजळीवरच्या काही पातळ औषधांत ते असते, कापडाच्या छपाईत रंग दाट करायलाही वापरतात. ते येते तपकिरी समुद्रशैवालातून. एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८८१ साली ते वेगळे काढून त्याचे पेटंट घेतले. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसणाऱ्या सरगॅसम या शैवालातही अल्जिनेट असते. पेशींसाठी लागणारे अतिशुद्ध अल्जिनेट मात्र बरेचसे नॉर्वेकडच्या लॅमिनेरिया शैवालातून काढतात.

रेणूच्या पातळीवर अल्जिनेट म्हणजे दोन प्रकारच्या साखरी आम्लांची लांब साखळी. एकाचे नाव ग्युल्युरॉनिक, दुसऱ्याचे मॅन्युरॉनिक. सोबत सोडियम असेल तोवर या साखळ्या पाण्यात सुट्या राहतात आणि द्रावण नुसतेच चिकट होते. त्यात कॅल्शियम आले की चित्र बदलते. ग्युल्युरॉनिकचे तुकडे जिथे सलग असतात तिथे साखळीला खाचा पडलेल्या असतात. कॅल्शियमचा एक आयन समोरासमोरच्या दोन साखळ्यांच्या खाचांत बसतो आणि त्यांना जोडतो. अशा हजारो जोडण्या होऊन जाळे तयार होते आणि पाणी त्यात अडकून राहते. दोन टक्के अल्जिनेटच्या मण्यात उरलेले जवळपास सगळे पाणीच असते.

पेशींना हे जेल मानवते त्याचे कारण त्याच्या घडण्यात आहे. बहुतेक प्लॅस्टिक तयार करायला उष्णता, विद्रावक किंवा जहाल रसायने लागतात आणि त्यांत पेशी जागच्या जागी मरतात. अल्जिनेट साध्या तापमानाला, रक्तासारख्याच सौम्य खारट द्रावणात, काही मिनिटांत घट्ट होते. प्रयोगशाळेतली कृतीही साधीच आहे. बेटे सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात हलक्या हाताने मिसळायची आणि ते सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पाडायचे. थेंब आपल्या वजनाने पडू दिला तर मोठा होतो, म्हणून सुईच्या टोकाभोवती हवेचा झोत सोडतात किंवा विजेचा उच्च दाब लावून थेंब लहान असतानाच ओढून घेतात. मणी तयार झाले की थोडे बाजूला काढून दोन रंग टाकतात. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. मण्यात हिरवे किती आणि लाल किती, यावर त्या दिवसाची मेहनत सार्थकी लागली की नाही ते ठरते.

आता जाळ्याच्या भोकांचा हिशेब. ग्लुकोजच्या रेणूचे वजन १८० डाल्टन, इन्सुलिनचे सुमारे ५,८००, आणि शरीर परक्यांवर सोडते त्या प्रमुख प्रतिपिंडाचे, म्हणजे अँटिबॉडीचे, सुमारे १,५०,०००. आकड्यांत एवढे अंतर असल्यावर इन्सुलिनला सोडणारी आणि प्रतिपिंडाला अडवणारी भोके ठेवणे शक्य वाटते. लिम आणि सन यांनी त्यासाठी मण्यावर पॉलिलायसिनचा आणखी एक थर दिला होता. पण मधल्या वजनाचे रेणूही असतातच. दाह पेटवणाऱ्या आयएल-१ या संदेशवाहक प्रथिनाचे वजन १७,००० च्या आसपास आहे. इन्सुलिनला वाट देणाऱ्या जाळ्यातून हे प्रथिनही कमीजास्त प्रमाणात आत शिरते आणि बीटा पेशी त्याला फार नाजूक असतात. म्हणजे अडवणूक पूर्ण कधीच नव्हती. तरीही मारेकरी पेशीला स्वतः येऊन बीटा पेशीला चिकटता येत नाही, एवढ्यानेही खूप फरक पडतो. उंदरांतले प्रयोग वारंवार यशस्वी झाले ते त्यामुळेच.

१९९४ साली पॅट्रिक सून-शिओंग यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णाची हकिगत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. अल्जिनेटच्या मण्यांतली मानवी बेटे पोटात सोडल्यावर त्याचे इन्सुलिन काही काळ पूर्ण सुटले होते. त्या वेळी याची मोठी बातमी झाली. पण त्या रुग्णाचे आधीच मूत्रपिंड बदललेले होते आणि त्यासाठी तो रोगप्रतिकारक यंत्रणा दाबणारी औषधे घेतच होता. यश मण्याचे की गोळ्यांचे, हे त्या एका माणसावरून ठरवता येत नव्हते. मला ही हकिगत महत्त्वाची वाटते ती नेमकी यासाठी. वैद्यकातल्या पहिल्या यशाची बातमी वाचताना तळटीप आधी वाचावी.

न्यूझीलंडमध्ये याहून वेगळा प्रयत्न झाला. मानवी दाते मिळत नाहीत म्हणून रॉबर्ट इलियट यांनी डुकरांची बेटे घेतली. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते आणि माणसांना ते कित्येक दशके टोचले गेले आहे, त्यामुळे ही निवड वाटते तेवढी विचित्र नाही. १९९६ साली एका रुग्णाच्या पोटात असे मणी सोडले. त्याची इन्सुलिनची गरज काही महिने कमी झाली, मग पुन्हा वाढली. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीतून त्याचे पोट तपासले तेव्हा काही मण्यांत डुकराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या मोजक्या पेशी अजून जिवंत सापडल्या. जवळपास एका दशकानंतरही परक्या प्राण्याच्या पेशी माणसाच्या पोटात, कुठलेही औषध न घेता, तग धरून होत्या. लपवणे जमते याचा याहून चांगला पुरावा नको. पण जिवंत राहिल्या त्या मोजक्याच, बाकीच्या गेल्या. त्या का गेल्या, हे समजायला ऑक्सिजनकडे पाहावे लागते.

आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असते. त्याहून दूर ऑक्सिजन पुरेसा झिरपत नाही. बीटा पेशी तर त्याबाबतीत फार खर्चिक. स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्के वजनाची बेटे त्याच्या रक्तपुरवठ्यातला दहा-पंधरा टक्के वाटा घेतात आणि प्रत्येक बेटात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. बेट सुटे करताना हे जाळे तुटते. जेलमध्ये नवी केशवाहिनी शिरू शकत नाही, कारण कोणालाही आत शिरू न देण्यासाठीच तर जेल आहे. आता ऑक्सिजनने पोटाच्या द्रवातून, मग जेलमधून, मग बेटाच्या बाहेरच्या पेशींमधून झिरपत मध्यापर्यंत पोचायचे. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो. पोटाच्या पोकळीत सुरुवातच चाळिशीच्या आसपास होते. मोठ्या बेटाचा गाभा आधी काळवंडतो. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की बीटा पेशी मरण्याच्या कितीतरी आधी इन्सुलिन सोडणे कमी करते. म्हणजे रंग टाकून पाहिले तर पेशी हिरवी दिसते, पण कामाच्या नावाने शून्य.

जागेचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, कारण वाचलेल्या लेखांतून तो अंगावर येत नाही. एडमंटनच्या पद्धतीत रुग्णाच्या दर किलो वजनामागे दहा हजारांच्या वर बेटे लागली होती. साठ किलोच्या माणसाला सहा लाख धरू. दीडशे मायक्रॉनच्या सहा लाख बेटांचे एकूण घनफळ भरते सुमारे एक मिलिलिटर, पाव चमच्याहूनही कमी. प्रत्येक बेट अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यात घातले की तेच घनफळ सुमारे ४० मिलिलिटर होते. आणि मणी दीड मिलिमीटरचा केला, तर एक लिटरच्या वर जाते. व्यास दहापट झाला की घनफळ हजारपट होते, शाळेतले गणित. एका मण्यात अनेक बेटे कोंबली तर जागा वाचते, पण मग तीच बेटे एकमेकांचा ऑक्सिजन पळवतात.

ऑक्सिजनकडे पाहिले तर मणी लहान हवा, पोटातल्या जागेकडे पाहिले तरीही लहानच हवा. कित्येक वर्षे संशोधकांनी मणी लहान करण्यातच बुद्धी खर्च केली.

शरीराचे मत वेगळे निघाले. आत ठेवलेली कुठलीही परकी वस्तू, काटा असो की जेल, शरीर गुपचूप सोडून देत नाही. काही तासांत तिच्यावर रक्तातली प्रथिने चिकटतात. मग मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात, गिळता येईना की एकमेकींत विलीन होऊन राक्षसी पेशी बनतात, आणि त्यांच्या हाकेला धावून आलेल्या तंतुपेशी कोलॅजनचा थर चढवू लागतात. दोन-चार आठवड्यांत वस्तूभोवती घट्ट तंतुमय पापुद्रा तयार होतो. गुडघ्यातल्या धातूच्या सांध्याला याने फारसे बिघडत नाही. जेलच्या मण्यातल्या पेशीला मात्र हा पापुद्रा जीवघेणा, कारण त्यातल्या पेशी स्वतःच ऑक्सिजन खातात. मारेकरी दाराबाहेर राहिला, पण त्यानेच बाहेरून दार लिंपून घेतले. या प्रतिक्रियेमागे कधी अल्जिनेटमध्ये राहून गेलेली शैवालातली प्रथिने आणि जिवाणूंचे विषारी अंश असत, कधी वरचा पॉलिलायसिनचा धनभारित थर. संशोधकांनी शुद्धता वाढवली, वरचा थर काढून टाकला. प्रतिक्रिया कमी झाली, गेली नाही.

२०१५ साली एमआयटीमधल्या डॅनियल अँडरसन आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने एक उलटीच गोष्ट दाखवली. अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यांवर पापुद्रा भराभर चढत होता. दीड मिलिमीटरचे गोल मणी, तेच अल्जिनेट असूनही, बरेच स्वच्छ राहत होते. उंदरांत आणि माकडांतही. म्हणजे ज्या दिशेने सगळे धावत होते तिच्या अगदी विरुद्ध. पुढच्याच वर्षी याच गटाने अल्जिनेटच्या साखळीला वेगवेगळे रासायनिक गट जोडून ७७४ प्रकार तयार केले आणि त्यांतून शरीराच्या नजरेत कमी भरणारे मोजके निवडले. त्यांतल्या एका प्रकारात मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांतून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात त्या स्टेम सेलपासून, तयार केलेल्या मानवी बीटा पेशी घालून त्या मधुमेही उंदरांत सोडल्या. या उंदरांची रोगप्रतिकारक यंत्रणा शाबूत होती, तरी १७४ दिवस, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत, साखर ताब्यात राहिली. दात्यांच्या तुटवड्याचा प्रश्नही मूळपेशींमुळे सुटायला लागला होता, कारण हार्वर्डमधल्या डग्लस मेल्टन यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्येच अशा पेशी हव्या तेवढ्या वाढवण्याची रीत दिली होती.

हे तंत्र घेऊन सिगिलॉन ही कंपनी निघाली. तिने माणसातली पहिली चाचणी मधुमेहावर न करता हिमोफिलियावर केली. पेशींनी रक्त गोठवणारे प्रथिन बनवावे, एवढीच अपेक्षा होती. २०२१ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, ती चाचणी थांबवली. एका रुग्णाच्या पोटातून मणी परत काढले तेव्हा त्यांच्यावर तंतूंचा थर चढला होता आणि आत पेशी जिवंत नव्हत्या. उंदीर आणि माकड यांच्यापेक्षा माणसाचे पोट अधिक खाष्ट निघाले. २०२३ मध्ये ही कंपनी एली लिली या औषध कंपनीने विकत घेतली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा २०२५ सालचा आहे, जरी त्यात जेलचे मणी नव्हते. व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीने मूळपेशींपासून बनवलेली बेटे दोन तऱ्हांनी दिली. पहिल्या चाचणीत ती उघडीच यकृतात सोडली आणि सोबत रोगप्रतिकारक यंत्रणा दाबणारी औषधे दिली. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. दुसऱ्या चाचणीत त्याच प्रकारच्या पेशी एका बंद उपकरणात घालून बसवल्या, औषधे न देता. मार्च २०२५ मध्ये ती चाचणी कंपनीने थांबवली. उपकरण सुरक्षित होते, पण इन्सुलिन पुरेसे तयार होत नव्हते. पेशी तीच, कारखाना तोच. यकृतात रक्ताच्या शेजारी बसून ती काम करते आणि डबीत बसून करत नाही.

त्याच महिन्यात उलट टोकाचीही बातमी आली. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २ हा डोळ्याच्या पडद्याचा दुर्मीळ आजार. त्यावर एन्सेल्टो नावाच्या उपचाराला एफडीएने परवानगी दिली. भाताच्या दाण्याहून लहान अशी ही कुपी डोळ्यात बसवतात आणि तिच्यातल्या मानवी पेशी पडद्याला जपणारे एक प्रथिन सतत पाझरत ठेवतात. बंदिस्त पेशींच्या कल्पनेला मिळालेली ही मोठी मान्यता. इथे ते जमले, कारण प्रथिन अगदी थोडे लागते, साखरेप्रमाणे ते मिनिटामिनिटाला जुळवून द्यावे लागत नाही, वापरलेल्या पेशी काटक जातीच्या आहेत, आणि डोळ्याच्या आत रोगप्रतिकारक यंत्रणा बरीच नरमाईने वागते. सहा लाख बेटांचे ओझे नाही, ऑक्सिजनची मारामारीही तेवढी नाही.

यात पुण्याचाही वाटा आहे, तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. विद्यापीठाच्या आवारात असलेल्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या आगेमागे बेटांना सोसेल असे आवरण शोधण्याचे काम केले. त्यात कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानची जेल होती, आणि तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेसोबत तपासलेले पॉलियुरेथेनचे पडदेही होते.

जेल म्हणजे घरही

आतापर्यंत जेलकडे आपण निव्वळ भिंत म्हणून पाहिले. पुनरुत्पादक वैद्यकात, म्हणजे झिजलेले किंवा तुटलेले ऊतक नव्याने घडवण्याच्या शाखेत, जेलचे काम याहून वेगळे असते. तिथे पेशीला लपवायचे नसते. ती सहसा रुग्णाचीच असते. तिला काही दिवस राहायला जागा द्यायची, आणि तिने स्वतःभोवती खरे ऊतक विणले की जेलने विरघळून जायचे.

जागा कशी आहे यावर पेशीचे वागणे किती अवलंबून असते, हे कूर्चेच्या, म्हणजे कार्टिलेजच्या, पेशींनी आधी शिकवले. सांध्यातल्या कूर्चेची पेशी सपाट काचेवर वाढवली की ती पसरते, वेगाने वाढते आणि कूर्चा बनवायचे विसरते. १९८२ साली बेन्या आणि शॅफर यांनी सशाच्या अशा बिघडलेल्या पेशी अॅगरोजच्या मऊ जेलमध्ये ठेवल्या. त्या पुन्हा गोल झाल्या आणि कूर्चेतले खास कोलॅजन बनवू लागल्या. कुठलेही औषध नाही, फक्त चारी बाजूंनी मऊ आधार.

मग २००६ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून तो प्रसिद्ध शोधनिबंध आला. एकाच प्रकारच्या मूळपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या, तर मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणाने जातात, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूच्या, आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या. या निबंधाच्या चार लेखकांपैकी शमिक सेन आज पवईच्या आयआयटीत शिकवतात. पेशी पायाखालची जमीन ओढून पाहते आणि किती जोर लागला त्यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधते, असे यामागचे साधारण स्पष्टीकरण.

जेलच्या पृष्ठभागावर असण्यापेक्षा आत असणे पेशीला अवघड. साध्या अल्जिनेटला पेशीचे हात धरत नाहीत, म्हणून त्यावर आरजीडी नावाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा चिकटवतात. शरीरातल्या प्रथिनांवर पेशी त्यालाच धरते. शिवाय अल्जिनेट तोडणारे विकर सस्तन प्राण्यांकडे नसते, त्यामुळे आतल्या पेशीला कुरतडून वाट काढता येत नाही. हार्वर्डमधल्या डेव्हिड मूनी यांच्या गटाने त्यावर चांगला तोडगा काढला. जेल असे बनवायचे की दाब पडल्यावर त्याच्या जोडण्या सुटून दुसरीकडे पुन्हा जुळतील. अशा ढिल्या होणाऱ्या जेलमध्ये मूळपेशी हातपाय पसरतात आणि हाड घडवण्याकडे अधिक वळतात. कडकपणा सारखाच, पण एक जेल हट्टी आणि दुसरे सरकून जागा देणारे, एवढ्याने फरक पडतो.

माणसांत यातले सर्वांत पुढे गेलेले काम कूर्चेचेच आहे. स्वीडनमध्ये १९९४ साली रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात परत बसवल्याचे निकाल प्रसिद्ध झाले. पुढे या पेशी फायब्रिनच्या जेलमध्ये मिसळून खड्ड्यात भरण्याची पद्धतही आली. रक्ताची गुठळी ज्याची बनते तेच हे फायब्रिन. भारतातही २०१७ साली स्वतःच्या कूर्चापेशींच्या अशा उपचाराला औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. तो अपघाताने किंवा खेळताना कूर्चेला पडलेल्या मर्यादित खड्ड्यासाठी आहे. साठीनंतर दोन्ही गुडघे झिजलेल्या माणसाने त्याच्याकडून आशा धरू नये.

आणि जाहिरातींबद्दल एक रोखठोक सूचना. 'स्टेम सेलने मधुमेह बरा' असे छापून लाखो रुपये घेणारी केंद्रे आपल्या शहरांतही आहेत. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणजे रक्ताच्या विकारांसाठीचे रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण. बाकीचे वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवेत. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आणि चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर समोरचा विषय बदलू लागला, तर पाकीट खिशातच ठेवावे.

आता पुढे काय चालले आहे? काही गट श्वासाच्या प्रश्नालाच थेट भिडत आहेत. इस्रायलच्या बीटाओटू कंपनीने अल्जिनेटमधल्या बेटांशेजारी ऑक्सिजनची टाकी असलेले उपकरण बनवले. त्वचेखालच्या झडपेतून ती रोज भरावी लागे. स्वीडनमध्ये काही रुग्णांना ते बसवले, पेशी जगल्या, पण साखरेवर म्हणावा तसा परिणाम झाला नाही.

दुसरा मार्ग जेललाच वगळतो. २०२५ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठ रुग्णालयातून एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. सॅना या अमेरिकी कंपनीच्या तंत्राने दात्याच्या बेटांतल्या जनुकांत बदल केले होते. परकेपणाची ओळख पटवणाऱ्या खुणा काढल्या आणि भक्षक पेशींना 'मला खाऊ नको' असे सांगणारे सीडी४७ हे प्रथिन वाढवले. ती बेटे हाताच्या स्नायूत टोचली, औषध एकही दिले नाही, आणि बारा आठवड्यांनंतरही ती इन्सुलिन बनवत होती. पेशींची संख्या मुद्दाम कमी ठेवलेली असल्याने रुग्णाचे इन्सुलिन सुटले नाही, तशी अपेक्षाही नव्हती. पण पेशीच आपला वेष बदलू शकत असेल आणि केशवाहिन्या तिच्यापर्यंत थेट पोचू शकत असतील, तर भोवती जेल हवेच कशाला, असा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो.

माझे मत असे की भिंत म्हणून जेलची गरज कमी होईल, पण ते जाणार नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेला न दिसणारी पेशी पुढे कधी कर्करोगाकडे वळली, तर ती त्या यंत्रणेला तेव्हाही दिसणार नाही. यकृतात विखुरलेल्या सहा लाख बेटांतून ती शोधून काढणे अशक्य आहे. अशा वेळी घातलेले सगळे परत काढता यायला हवे. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिंगलिन मा यांच्या गटाने २०१७ मध्ये त्याची एक सोय दाखवली. सुट्या मण्यांऐवजी त्यांनी शस्त्रक्रियेच्या नायलॉनच्या दोऱ्याभोवती अल्जिनेटचा लांब थर चढवला आणि बेटे त्या थरात ठेवली. कुत्र्यांच्या पोटात हा दोरा दुर्बिणीने सोडला, आणि नंतर एका छोट्या छेदातून अख्खा ओढून बाहेर काढला.